चूल न पेटवता गडावर गरम जेवण: सेल्फ हीटिंग पाकीट नीट कसं वापरायचं

सह्याद्रीत मुक्कामी ट्रेक करणाऱ्या प्रत्येकाच्या सॅकमध्ये एक तरी सेल्फ हीटिंग जेवण, म्हणजे पाणी ओतलं की आपोआप गरम होणारं पाकीट, असावं असं माझं आता पक्कं मत झालंय. पण एकच, फार तर दोन. सगळ्या ट्रेकचं जेवण त्याच्यावर काढायला गेलात तर खांदे पण जातील आणि खिसा पण. ज्या एका वेळेला चूल पेटत नाही किंवा पेटवू नये त्या वेळेसाठी हे पाकीट आहे, आणि आपल्याकडे ती वेळ वाटते त्यापेक्षा जास्त वेळा येते.

पावसाळ्यात लाकूड ओलं, वारा असा की गॅसची ज्योत भांड्याखाली टिकत नाही, हे तर सगळ्यांनी बघितलंय. पण मला जास्त काळजी फेब्रुवारी ते मे ची वाटते. गवत कंबरेएवढं आणि पार वाळलेलं असतं, चुलीतली एक ठिणगी उडाली की वणवा लागतो आणि अख्खी डोंगरधार काळी होते, घरटी, सरडे, नवीन रोपं सगळं जातं. राखीव जंगलात आग पेटवण्यावर १९२७ च्या वन कायद्यातच बंदी आहे आणि अभयारण्यांना १९७२ चा वन्यजीव कायदा लागू होतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना ही सगळी अभयारण्यंच आहेत, म्हणजे आपले निम्मे आवडते ट्रेक त्यात येतात. अजून एक कारण म्हणजे आग्या मोहोळ. कड्याला पोळी लटकलेली असतात, खाली कुणीतरी तीन दगड मांडून धूर केला की माश्या उठतात, आणि अरुंद वाटेवर माश्या मागे लागल्या तर पळायला जागा नसते. सेल्फ हीटिंग पाकिटातून वाफ येते, धूर येत नाही. माझ्यासाठी हे एकच कारण पुरेसं आहे.

आता हे गरम कसं होतं ते आधी समजून घ्या, कारण ते कळलं की पुढच्या सगळ्या सूचना आपोआप पटतात. ज्यांच्या घरी दिवाळीआधी भिंतींना चुना मारायचे त्यांनी हे बघितलेलं आहे. पिंपात कळीच्या चुन्याचे खडे टाकायचे, वरून पाणी ओतायचं आणि आजी ओरडायची की पोरांनो लांब व्हा, आणि मग ते पिंप खदखदायला लागायचं, खाली जाळ नाही काही नाही. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच डब्यांमध्ये हाच कळीचा चुना असतो, सोबत बहुतेक वेळा थोडी अ‍ॅल्युमिनियमची पूड. दुसरा प्रकार सैन्याच्या पाकिटांमधला. अमेरिकन सैन्याच्या पाकिटात १९९० च्या दशकापासून जो चपटा हीटर येतो त्यात मॅग्नेशियम आणि थोडं लोखंड यांची पूड आणि मीठ असतं. पाणी पडलं की मॅग्नेशियम झपाट्याने गंजतं म्हणा हवं तर, आणि त्यातून उष्णता निघते. एक ग्रॅम चुना साधारण १.१ किलोज्यूल उष्णता देतो आणि एक ग्रॅम मॅग्नेशियम १४ च्या आसपास. म्हणून चुन्याच्या डब्यातली पिशवी चांगली जड असते आणि मॅग्नेशियमचा हीटर वहीच्या पुठ्ठ्याएवढा पातळ.

पण मॅग्नेशियममधून, आणि अ‍ॅल्युमिनियम असेल तर चुन्याच्या पिशवीतूनही, हायड्रोजन वायू निघतो. तो पेट घेतो. हे डोक्यात ठेवा, पुढे टेंटच्या वेळी लागणार आहे.

खरेदी करताना तुमच्यासमोर तीन गोष्टी येतील. एक म्हणजे दोन मजली डबा, खालच्या भागात हीटर आणि पाणी, वरच्या ट्रेमध्ये भात, नूडल्स वगैरे. दिसायला छान, पण सॅकमध्ये जागा फार खातो, आणि त्यातलं जेवण कोरडं असेल तर वर वेगळं प्यायचं पाणी घालावं लागतं. दुसरा म्हणजे जेवणाचा पाऊच आणि हीटरची पिशवी एकत्र असलेला किट. तिसरा मला सगळ्यात सोयीचा वाटतो: नुसते हीटर वेगळे घ्यायचे आणि दुकानात मिळणारे कुठलेही रेडी टू ईट पाऊच, दाल मखनी, राजमा, पुलाव, त्यावर गरम करायचे. हे पाऊच मुळातच शिजवून साधारण १२१ अंशाला निर्जंतुक केलेले असतात, फ्रीज लागत नाही, हीटर चाललाच नाही तर थंड पण खाता येतात. ट्रेकवर ही फार मोठी सोय आहे. मैसूरला १९६१ मध्ये डीएफआरएल नावाची प्रयोगशाळा सुरू झाली, संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओची, आपल्या जवानांसाठी असं टिकाऊ जेवण बनवण्यावर तिथे काम झालं, सियाचीनसारख्या ठिकाणी जाणारं जेवण हा त्यांचाच विषय. फक्त वेगळे हीटर घेताना एक बघा की तुमचा पाऊच त्या पिशवीत सपाट मावतो का. ३०० ग्रॅमचा पाऊच लहान पिशवीत कोंबला की हीटर एका कोपऱ्याला चिकटतो आणि अर्धं जेवण थंड राहतं.

वजनाचा हिशोब पण करून टाकू. पाऊच, हीटर, लागलं तर बाहेरचा डबा, सगळं मिळून माणशी एका जेवणाला ४०० ते ५०० ग्रॅम धरा. दोन दिवसांच्या ट्रेकला चार जेवणं म्हणजे १.६ ते २ किलो झालं. त्याच्याऐवजी चौघांच्या ग्रुपमध्ये एक छोटा स्टोव्ह, एक गॅस कॅन आणि डाळ-तांदूळ नेले तर बरंच हलकं पडतं आणि पोटभर होतं. पण उन्हाळ्यात गडावरची टाकी आटलेली असतील तर हिशोब उलटतो, कारण खिचडी करायला पाणी, भांडी घासायला पाणी, हात धुवायला पाणी, ते सगळं खालच्या गावातून पाठीवर न्यावं लागतं. पाऊचमधलं जेवण आधीच ओलं आहे आणि घासायला फक्त चमचा. म्हणून कोरड्या गडावर मी उन्हाळ्यात दोन पाकिटं नेतो, बाकी ऋतूत एक.

पॅकिंग ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे आणि इथेच मला धडा मिळालाय. ऑगस्टमध्ये रतनवाडीकडून रतनगडावर चाललो होतो, हीटरची पिशवी पटकन हाताशी असावी म्हणून सॅकच्या बाहेरच्या खिशात ठेवली होती. शिड्यांच्या आधी मागच्या मित्राने सांगितलं की तुझ्या सॅकमधून वाफ येतेय. रेनकव्हर होतं पण पाणी खालून आत गेलं होतं, आणि हीटरच्या वेष्टनाला कुठेतरी घडीवर चीर पडलेली असणार. सॅक उतरवून पिशवी चिमट्यासारखी दोन काठ्यांनी बाहेर काढली, दगडावर ठेवली, आणि अर्धा तास तिथेच भिजत थांबलो कारण ती गरम असताना सोबत नेणं शक्य नव्हतं. खिशात पॉवर बँक असती तर काय झालं असतं याचा विचार करून आजही बरं वाटत नाही. तेव्हापासून नियम: प्रत्येक हीटर मूळ वेष्टनात, त्यावर झिपलॉकची पिशवी, असे सगळे मिळून एका ड्राय बॅगमध्ये, आणि ती ड्राय बॅग सॅकच्या मध्यभागी कपड्यांच्या घडीत. पाण्याच्या बाटलीजवळ नाही, पॉवर बँक, लायटर, गॅस कॅन यांच्याजवळ तर अजिबात नाही. घरून निघायच्या आधी वेष्टन हाताने चाचपून बघा, फुगलेलं असेल, आत पूड दगडासारखी घट्ट झालेली असेल किंवा तारीख उलटली असेल तर तो हीटर नेऊ नका, गडावर गेल्यावर तो नुसता कोमट होतो.

आता प्रत्यक्ष गरम करणं. आधी जागा शोधा: सपाट दगड, उघड्यावर पण वाऱ्याच्या आडोशाला. प्लास्टिकच्या चटईवर किंवा टेंटच्या फ्लोअरवर ठेवू नका. भाताचा पाऊच असेल तर गरम करायच्या आधी न फाडता बाहेरूनच दाबून गोळा मोकळा करून घ्या, नाहीतर मधला भात तसाच थंड आणि कडक राहतो. मग जेवणाचा पाऊच हीटरच्या पिशवीत सरकवा, हीटरची चपटी बाजू पाऊचच्या रुंद बाजूला लागली पाहिजे. पाणी शेवटी. आणि पाणी पिशवीवर छापलेल्या रेघेपर्यंतच. लोकांना वाटतं जास्त पाणी म्हणजे जास्त गरम, पण होतं उलटं, सगळी उष्णता ते जादा पाणी तापवण्यातच जाते. कमी घातलं तर पूड अर्धी कोरडीच राहते आणि मध्येच थांबते. रेघ पुसट असेल तर घरी आधीच मार्करने काढून घ्या.

हे पाणी पिण्याचं असायची गरज नाही हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. ओढ्यातलं, डबक्यातलं, पागोळ्यांचं, कसलंही चालतं, जेवण सीलबंद पाऊचमध्ये आहे, त्याला ते लागत नाही. बाटलीतलं चांगलं पाणी वाचवा. फक्त गरम पाणी ओतू नका, विशेषतः चुन्याच्या पिशवीवर, ती एकदम उसळते आणि हातावर उडते.

पाणी पडल्यावर काही सेकंदांत फसफस सुरू होते. पिशवीचं तोंड वर दुमडा पण घट्ट बंद करू नका, वाफेला वाट हवीच. मग पिशवी आडवी करून, तोंडाकडची बाजू बोटभर जाडीच्या दगडावर टेकवून थोडी उंच ठेवा, म्हणजे पाणी सांडत नाही आणि तरीही हीटरभर पसरून राहतं. किटमध्ये पुठ्ठ्याचा खोका असेल तर पिशवी त्यात सरकवा, नसेल तर वर्तमानपत्राचे तीन-चार पदर गुंडाळा, तोंड मोकळं ठेवून. या पुठ्ठ्याने फार फरक पडतो, गडावरच्या वाऱ्यात उघडी पिशवी अर्धी उष्णता वाऱ्यालाच देऊन टाकते. दोन मजली डबा असेल तर झाकणाला एक बारीक भोक असतं, ते कधीही बंद करू नका, त्यावर दगड ठेवू नका, वाफ कोंडली तर डबा फुटतो आणि तोंडावर येतो. वाकून आत बघत बसायचं नाही.

सहा-सात मिनिटांनी पिशवी एकदा उलटी करा. एकूण बारा ते पंधरा मिनिटं लागतात. बाहेर काढताना पाऊचच्या कोपऱ्याला रुमालाने धरा, आधी पुसून घ्या आणि मगच फाडा, नाहीतर पिशवीतलं खारट किंवा चुन्याचं पाणी जेवणात ठिबकतं. ते पाणी पोटात जाता कामा नये आणि त्यात चहा पण करायचा नाही, कितीही गरम दिसलं तरी.

टेंटचं आता. आठ ग्रॅम मॅग्नेशियम पूर्ण वापरलं गेलं तर साधारण आठ लिटर हायड्रोजन निघतो. हवेत हायड्रोजन चार टक्क्यांच्या वर गेला की पेटू शकतो. दोन माणसांच्या टेंटच्या एकूण हवेत आठ लिटर म्हणजे फार नाही, पण पिशवीच्या तोंडाशी तो पेटण्याइतका दाट असतो, आणि तिथेच कुणी सिगारेट पेटवली किंवा शेजारी मेणबत्ती असली तर भडका उडतो. त्यात दोघा-तिघांनी बंद टेंटमध्ये एकदम पाकिटं लावली तर धोका अजून वाढतो. शिवाय एवढ्या वाफेने स्लीपिंग बॅगा ओल्या होतात, आणि पावसाळ्यात ओली स्लीपिंग बॅग रात्रभर वाळत नाही. म्हणून टेंटच्या बाहेरच. पाऊस अगदीच कोसळत असेल तर फ्लायशीटच्या, म्हणजे टेंटवरच्या पावसाच्या कापडाच्या, पुढच्या ओसरीसारख्या जागेत, दार उघडं ठेवून, एका वेळी एकच, आणि गॅस, लायटर, उदबत्ती काहीही जवळ नको. गुहेत असाल तर तोंडाशी बसा. हेडलॅम्प चालतो. एसटीत, रेल्वेच्या डब्यात किंवा गाडीत काचा लावून हे करू नका, तिथे उतरून ढाब्यावर जेवा ना.

हिमालयात जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सैन्याचा हीटर साधारण पाव किलो जेवणाचं तापमान १२ मिनिटांत ५५ अंशांनी वाढवेल असा बनवलेला असतो. आपल्याकडे पाऊच २५ अंशावर असतो, म्हणजे तो ८० पर्यंत जातो, चटका बसेल असा. केदारकांठ्याला डिसेंबरात रात्रभर सॅकमध्ये राहिलेला पाऊच शून्याच्या आसपास असतो, तो जेमतेम पन्नाशीला पोचतो आणि ताटलीत येईपर्यंत कोमट. उपाय सोपा आहे, जेवणाच्या तासभर आधी पाऊच जॅकेटच्या आत पोटाशी ठेवा. हीटर नाही, फक्त जेवणाचा पाऊच. पाण्याची बाटली पण आत ठेवा, बर्फासारखं पाणी घातलं तर क्रिया सुरू व्हायलाच वेळ लागतो. दुसरं म्हणजे उंची. ३,८०० मीटरवर पाणी ८७ अंशाच्या आसपासच उकळतं, आणि वाफेवर चालणारा डबा त्याच्या वर जेवण तापवू शकत नाही. आधी शिजलेलं जेवण गरम करायला हे पुरतं, पण कोरड्या भाताचा किंवा जाड नूडल्सचा डबा तिथे कच्चा राहतो. वर जाताना शिजलेलेच पाऊच न्या.

विमानाने जाणार असाल तर हीटर घरी ठेवा. मॅग्नेशियमची पूड पाण्याशी भिडल्यावर ज्वलनशील वायू सोडणाऱ्या पदार्थांच्या वर्गात मोडते आणि कळीचा चुना सुद्धा विमानासाठी धोकादायक मालात धरतात. बॅगेत लपवून नेणं हा तर विचार पण नको, खाली कार्गोत काय होईल ते तुमच्या हातात नसतं. नुसते जेवणाचे पाऊच चेक-इन बॅगेत टाका आणि देहरादूनला उतरल्यावर गॅस कॅन घ्या. हीटर हवाच असेल तर एअरलाइनला आधी लेखी विचारून घ्या.

चवीबद्दल. राजमा, छोले, दाल मखनी, सांबार हे रस्सेदार प्रकार सगळ्यात चांगले गरम होतात कारण उष्णता आत फिरते. पुलाव, बिर्याणी मधे-मधे थंड राहतात. उपमा चिकट होतो पण सकाळी सकाळी तो सुद्धा भारी लागतो. भात न नेता मी घरच्या पोळ्या नाहीतर भाकरी नेतो, फॉइलमध्ये गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायच्या, जेवण होईपर्यंत त्या पण मऊ होतात. सोबत कांदा, लिंबू, शेंगदाण्याची चटणी, आणि एका छोट्या डबीत तूप. पाऊचमधलं जेवण खारट असतं आणि दिवसभर चढून आलेल्या माणसाला ३०० ग्रॅम डाळ पुरत नाही, तूप आणि शेंगदाणे ती कसर भरून काढतात. पाणी मात्र नेहमीपेक्षा जास्त प्या.

हीटरची पिशवी फाटून पूड अंगावर पडली तर आधी कोरडीच झटका, मग भरपूर पाण्याने धुवा, थोडंसं पाणी शिंपडलं तर ती तिथेच तापते. डोळ्यात गेली तर वीस मिनिटं सलग पाण्याची धार, हातातलं सगळं पिण्याचं पाणी संपलं तरी चालेल, आणि लगेच खाली उतरून डॉक्टर. लिंबू, व्हिनेगर असलं काही लावायचं नाही. लहान मुलं सोबत असतील तर पाणी ओतायचं काम मोठ्यांनीच करा, मुलांना फसफस बघायला आवडते आणि ती तोंड पुढे करतात.

वापरलेला हीटर गार झाल्यासारखा वाटला तरी बराच वेळ थोडा थोडा वायू सोडत राहतो. म्हणून रात्री तो बाहेर दगडाखाली दाबून ठेवा, गुरं किंवा माकडं ओढून नेणार नाहीत असा, आणि सकाळी उरलेलं पाणी निथळून पिशवीत भरा, पिशवीला हवाबंद गाठ मारू नका. निथळलेलं पाणी टाक्यात, ओढ्यात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतायचं नाही, ते चुन्याच्या निवळीसारखं असतं, मासे-बेडूक मरतात. पाण्यापासून लांब उघड्या खडकाळ जमिनीवर ओता. पाऊच, पुठ्ठा, हीटर, चमचा, सगळं परत खाली. पाऊचमध्ये प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते जाळून राख होत नाही, विषारी धूर होतो आणि चांदीसारखे तुकडे गडावर वर्षानुवर्षं पडून राहतात. गावातल्या ज्या घरी जेवायला किंवा गाडी लावायला थांबता तिथे कचरा टाकून यायचं नाही, त्यांच्याकडे घंटागाडी येत नाही, शहरात आणून सुक्या कचऱ्यात द्या.

आणि पहिलं पाकीट गडावर उघडू नका. एक जास्तीचं घेऊन एखाद्या रविवारी गच्चीवर करून बघा, किती पाणी लागतं, किती मिनिटांत वाफ थांबते, जेवण कुठे थंड राहतं, सगळं घड्याळ लावून. रतनगडाच्या गुहेत हेडलॅम्पच्या उजेडात पिशवीवरची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत.